वेंगेनच्या दारात उभी राहणारी मोटार

२०२५ च्या मार्च महिन्यात, स्वित्झर्लंडमधील वेंगेन या डोंगरावरच्या गावी नऊ रात्रींसाठी घर भाड्याने घेताना आमची २,००० युरोंची फसवणूक झाली. बँकेचे शुल्क धरून ती रक्कम १ लाख ९१ हजार रुपयांच्या घरात जाते आणि त्यातला एक रुपयाही आजवर परत आलेला नाही. मी नाशिकला लेखापरीक्षणाचे काम करते. दुसऱ्यांच्या बिलांतल्या खोट्या नोंदी शोधून काढणे हाच माझा रोजचा उद्योग असल्यामुळे हे सगळे लिहून काढायला मला जवळपास वर्ष लागले. तरीही लिहिते आहे, कारण लहान मुलाला घेऊन आल्प्सला जाण्याची आखणी करणारी माणसे नेमकी ज्या वाटेने या सापळ्यात शिरतात, ती वाट मी पावलोपावली चालून आले आहे.

जाणारे आम्ही चौघे होतो: मी, माझे पती, अडीच वर्षांची लेक आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. लेकीला दोन वर्षे पूर्ण झालेली असल्याने विमानात तिच्यासाठी स्वतंत्र आसनाचे तिकीट घेणे भाग होते, आणि ती मुगाची मऊ खिचडी व दहीभात यांपलीकडे फारसे काही खात नसल्याने हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेले घरच हवे होते. बालरोगतज्ज्ञांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. ३,४५४ मीटर उंचीवरच्या युंगफ्राऊयोख स्थानकावर या वयाच्या मुलाला नेण्याची घाई करू नये, कारण विरळ हवेने डोके दुखू लागले तरी ते सांगण्याइतकी भाषा त्याच्याकडे नसते. त्यामुळे मुक्काम खाली आणि डोंगर डोळ्यांसमोर, असे गाव आम्ही शोधत होतो. लाउटरब्रुनेनच्या दरीचा तळ सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, आणि दरीच्या काठावरच्या सपाटीवर १,२७४ मीटर उंचीला वेंगेन वसले आहे. तिथल्या सज्जातून युंगफ्राऊचे ४,१५८ मीटरचे शिखर दिसते, हे वाचल्यावर गाव पक्के झाले.

घर एका प्रसिद्ध आरक्षण संकेतस्थळावर सापडले. भाडे रात्रीला १७० स्विस फ्रँक होते. आजूबाजूच्या घरांपेक्षा ते कमी होते खरे, पण संशय यावा इतके कमी नव्हते, आणि मागे वळून पाहताना मला जाहिरात देणाऱ्या त्या भामट्याच्या या हिशेबाचेच विशेष वाटते. भाडे निम्मे असते तर मी त्याच क्षणी ते पान बंद केले असते.

मी घरमालकाला एक लांबलचक पत्र लिहिले. मुलीसाठी कठडे असलेला पाळणा मिळेल का, जेवायला उंच खुर्ची आहे का, घर तळमजल्यावर आहे का, सज्जाच्या गजांमधून मूल निसटणार नाही ना, कपडे धुण्याचे यंत्र घरातच आहे की इमारतीत सामाईक, भाड्याची मोटार दाराशी उभी करता येईल का, अशी सगळी चौकशी मी एका दमात केली आणि शेवटी सासूबाईंच्या गुडघ्यांचाही उल्लेख केला. तासाभरात उत्तर आले. पाळणा होता, खुर्ची होती, घर तळमजल्यावर होते, सज्जाला जाळी होती, यंत्र न्हाणीघरातच होते आणि मोटार तर थेट दारासमोर उभी राहणार होती. ‘आमची मुले लहान असताना आम्ही स्वतः याच घरात राहत होतो’, असेही त्याने पुढे लिहिले होते. मी ते पत्र घरात मोठ्याने वाचून दाखवले आणि इतका समजूतदार घरमालक मिळाल्याबद्दल आम्ही स्वतःला भाग्यवान समजलो. आज तीच दोन पत्रे शेजारी ठेवून वाचली की दिसते, त्याच्या उत्तरात माझ्या प्रश्नांपलीकडची एकही वस्तू नव्हती. घराविषयी जे काही मला कळले, ते सगळे आधी मीच त्याला कळवले होते.

सासूबाईंना मात्र एक गोष्ट खटकली. काही वर्षांपूर्वी त्या एका मराठी सहल कंपनीबरोबर युंगफ्राऊला जाऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, तिथे मोटार कुठून येणार? आम्ही लाउटरब्रुनेनला आगगाडी बदलून वर गेलो होतो. वेंगेनला गाडी थांबली तेव्हा आमच्या मार्गदर्शकाने मुद्दाम सांगितले होते, की या गावात मोटारी नाहीत.” मी त्यांना म्हटले, “आई, ते स्टेशनजवळचे असेल, आता रस्ता झाला असेल.” वास्तविक वेंगेनला बाहेरच्या मोटारी जातच नाहीत. खालून वर जायला दातेरी रुळांची आगगाडी आहे, ती १८९३ पासून चालते, आणि मोटारीने येणारी माणसे आपली गाडी लाउटरब्रुनेन स्थानकाजवळच्या बहुमजली वाहनतळात ठेवून तीच आगगाडी धरतात. हे शोधायला मला पाच मिनिटेही लागली नसती. पण ती पाच मिनिटे मी मोटारीत मुलाचे आसन मिळते का हे पाहण्यात घालवली, कारण स्वित्झर्लंडमध्ये १२ वर्षांखालच्या आणि दीडशे सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांसाठी ते सक्तीचे आहे.

त्यानंतरचा भाग अनेकांना ओळखीचा वाटेल. संकेतस्थळावरच्या आमच्या नोंदणीत काही तांत्रिक अडचण येत असल्याचे घरमालकाने कळवले आणि थेट व्यवहार केल्यास संकेतस्थळाचे दलाली शुल्क वाचेल, ते मी तुमच्या मुलीच्या पाळण्याच्या भाड्यात वळते करीन, असे सुचवले. पुढचा सगळा संवाद व्हॉट्सअ‍ॅपवर झाला. भाड्याचे १,५३० आणि परत मिळणाऱ्या अनामतीचे ३८० असे मिळून १,९१० फ्रँक ठरले, पण पैसे त्याने युरोमध्ये मागितले. खात्याच्या आयबॅन क्रमांकाची, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाची, सुरुवात ‘एल टी’ या अक्षरांनी होत होती. आयबॅनची पहिली दोन अक्षरे खाते कोणत्या देशात आहे ते सांगतात. स्विस खात्याची सुरुवात ‘सी एच’ अशी होते आणि ‘एल टी’ म्हणजे लिथुआनिया. स्विस घरमालक, फ्रँकमधले भाडे, युरोमधली मागणी आणि लिथुआनियातले खाते, हे चारही कागदावर समोरासमोर असताना मी विचारले, तेव्हा ‘परदेशी पाहुण्यांचे पैसे घेणे त्या खात्यात स्वस्त पडते’ हे उत्तर मला पुरले. एखाद्या अशिलाने मला हे सांगितले असते तर मी त्याच्याकडून लेखी खुलासा मागितला असता.

१३ मार्चला मी बँकेत जाऊन परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ अर्ज भरला आणि रक्कम रवाना झाली. दुसऱ्याच दिवशी त्याने सही-शिक्क्याचे आरक्षणपत्र पाठवले आणि पाहुण्यांची स्थानिक नोंद करावी लागते, असे सांगून चौघांच्याही पासपोर्टच्या प्रती मागितल्या. स्वित्झर्लंडमध्ये मुक्कामाच्या ठिकाणी पाहुण्यांची नोंद होते, हे खरे असल्यामुळे मी त्या पाठवल्या. त्यानेही विश्वासासाठी म्हणून स्वतःच्या पासपोर्टचे छायाचित्र पाठवले होते. तो पासपोर्ट आमच्यासारख्याच आधी फसलेल्या कुणाचा तरी असणार, असे आता वाटते. पैसे गेल्याचे दुःख हळूहळू कमी झाले, पण अडीच वर्षांच्या मुलीच्या पासपोर्टची प्रत एका भामट्याच्या हाती मी स्वतः दिली, हा विचार अजूनही रात्री झोप उडवतो.

(याच सुमारास शहरातल्या एका व्हिसा दलालाने लेकीच्या शेंगेन व्हिसासाठी (स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा सामाईक व्हिसा) पूर्ण ९० युरोंचे शुल्क आणि रेल्वेचा ‘बालपास’ असे दोन आकडे आमच्या अंदाजपत्रकात धरले होते. सहा वर्षांखालील मुलांना शेंगेन व्हिसाचे शुल्क माफ असते आणि सोबत तिकीटधारक मोठे माणूस असेल तर स्विस रेल्वेतही ती फुकट प्रवास करतात. विचारल्यावर त्याने दोन्ही आकडे निमूटपणे खोडले. त्याला मी पकडले आणि त्याच आठवड्यात दुसऱ्याला दोन हजार युरो पाठवले, हा विनोद माझे पती आता अधूनमधून करतात.)

उलगडा झाला तो लेकीच्या बाबागाडीमुळे. दातेरी रुळांच्या गाडीत ती घडी न करता चढवता येते का, हे विचारण्यासाठी ६ एप्रिलला मी वेंगेनच्या पर्यटन कार्यालयाला ईमेल केला आणि त्यात घराचे नाव लिहून दारापर्यंतचा रस्ताही विचारला. दुसऱ्या दिवशी अतिशय सौजन्याने उत्तर आले. बाबागाडीची सोय होईल, पण गावात मोटारी नसल्याने दारासमोर वाहनतळ असण्याचा प्रश्नच येत नाही, आणि या नावाचे भाड्याचे घर आमच्या नोंदीत नाही, असे त्यात लिहिले होते. ते पत्र मी चार वेळा वाचले.

मग रात्री आम्ही दोघे जाहिरातीतली छायाचित्रे नव्याने पाहायला बसलो. बैठकीच्या खिडकीतून समोरच, अगदी पायथ्यापासून वरपर्यंत, जो धबधबा दिसत होता तो श्टाउबबाख होता. सुमारे ३०० मीटरचा हा धबधबा लाउटरब्रुनेन गावालगत कोसळतो, म्हणजे ते छायाचित्र दरीच्या तळातून घेतलेले होते, वरच्या सपाटीवरून नव्हे. स्वयंपाकघराच्या छायाचित्रात भिंतीवर विजेच्या जोडण्या होत्या, त्या गोल खोबणीच्या आणि दोन छिद्रांच्या, जर्मनी-ऑस्ट्रियात असतात तशा. स्विस घरांत षट्कोनी खोबण आणि तीन छिद्रे असतात. छायाचित्रावरून शोध घेतल्यावर तेच स्वयंपाकघर ऑस्ट्रियातल्या एका घराच्या जाहिरातीत सापडले. पाळण्याचे छायाचित्र तर कुठल्याशा दुकानाच्या यादीतले होते.

त्याच रात्री सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर सगळे कागद चढवले. सायबर पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्यांनी नीट ऐकून घेतले; पण पैसे देशातल्या देशात आणि काही तासांपूर्वी गेले असते तर खाते गोठवण्याची संधी होती, परदेशात जाऊन २५ दिवस झाल्यावर ती फारशी उरत नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. बँकेने रक्कम परत मागवणारा संदेश पाठवला. तीन आठवड्यांनी उत्तर आले, की खात्यात शिल्लक नाही. आरक्षण संकेतस्थळाने जाहिरात काढून टाकली आणि व्यवहार त्यांच्या व्यवस्थेबाहेर झाल्याने जबाबदारी घेता येत नाही, असे कळवले. राग आला, पण ती अट त्यांच्या नियमांत पहिल्यापासून लिहिलेली होती आणि मी ती वाचलेली होती.

एका बाबतीत आम्ही थोडक्यात बचावलो. व्हिसासाठीची भेट ११ एप्रिलला होती आणि मुक्कामाचा पुरावा म्हणून तेच बनावट आरक्षणपत्र फायलीत लावून ठेवले होते. ते तसेच सादर झाले असते तर खोटा कागद जोडल्याचा ठपका आमच्यावरच आला असता. चार दिवसांत आम्ही लाउटरब्रुनेनमध्ये दुसरी जागा घेतली. या वेळी व्यवहार संकेतस्थळाच्या आतच केला, पैसे क्रेडिट कार्डाने दिले, आणि त्याआधी मालकीणबाईंना व्हिडिओ कॉलवर घर फिरवून दाखवायला सांगितले. पहिल्या माणसाला मी हीच विनंती केली होती, तेव्हा तो ‘आई रुग्णालयात आहे’ असे म्हणाला होता आणि मी त्याच्या आईची विचारपूस करून विषय सोडून दिला होता. या बाईंनी मात्र पाळणा नसल्याचे, जिन्याला नऊ पायऱ्या असल्याचे आणि धुण्याचे यंत्र शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्यावे लागेल, असे सांगितले. तीन नकार ऐकल्यावर मला पहिल्यांदा हायसे वाटले.

जूनमध्ये आम्ही जाऊन आलो. लेक नऊ रात्री गादीवर उशांच्या कुंपणात झोपली. वेंगेनला आम्ही एक दिवस आगगाडीने गेलो, तेव्हा सासूबाई स्थानकाबाहेर उभ्या राहून दोन्ही बाजूंना बराच वेळ पाहत राहिल्या आणि काहीही बोलल्या नाहीत.

गेल्या महिन्यात तेच स्वयंपाकघर मला पुन्हा दिसले. या वेळी घर त्याच भागातल्या ग्रिंडेलवाल्ड गावचे असल्याचे लिहिले होते आणि मालकाचे नावही बदललेले होते. मी दुसऱ्या नावाने चौकशी केली, दोन वर्षांच्या मुलाचा उल्लेख केला आणि सज्जातून तळे दिसते का, असे विचारले. ग्रिंडेलवाल्ड गावात तळे नाही. तळी आहेत ती वर डोंगरात. चाळीस मिनिटांत उत्तर आले, की सज्जातून संपूर्ण तळे दिसते, आणि मुलासाठी कठड्याला जाळीही बसवलेली आहे. ते उत्तर जोडून मी संकेतस्थळाकडे आणि सायबर पोलिसांकडे पुन्हा तक्रार केली आहे. काल संध्याकाळपर्यंत ती जाहिरात तशीच होती.