जेसनअसर्ट: काम चोख, पण मोड डोळे उघडे ठेवून निवडा

एपीआयच्या (दोन प्रोग्रॅममधल्या देवाणघेवाणीच्या) टेस्टमध्ये अपेक्षित आणि आलेलं जेसन (माहिती मजकुरात मांडायचा फॉरमॅट) स्ट्रिंग म्हणून, म्हणजे अक्षराला अक्षर लावून, ताडून बघणारे अजूनही भेटतात. ऑब्जेक्टमधल्या फील्डना (नाव-किंमत जोड्यांना) क्रम नसतो, ॲरेला (यादीला) असतो, हे आरएफसी ८२५९ या जेसनच्या प्रमाण दस्तऐवजात स्वच्छ लिहिलंय. तरी कुणी एक फील्ड खालचं वर केलं की यांच्या टेस्ट धडाधड लाल, म्हणजे नापास. जावासाठी मी जेसनअसर्ट ही जेसन ताडून बघणारी लायब्ररी वापरते. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कचा टेस्ट स्टार्टर (टेस्टच्या लायब्ररींचा संच) घेतलेला असेल तर ते आयतंच सोबत येतं.

मला आवडतो तो त्याचा एरर मेसेज. ऑर्डरची यादी आहे, प्रत्येकीला आयडी आहे आणि क्रमाची सक्ती नाही, अशा वेळी ते आयडीवरून जोड्या लावतं आणि सांगतं: आयडी ३ च्या ऑर्डरमधली रक्कम ५०० हवी होती, ४५० आली. बास, शोधाशोध संपली. ॲरेतल्या ऑब्जेक्टना वेगळं ओळखणारं एकही फील्ड नसेल तर मात्र ‘या एलिमेंटला जोडी सापडली नाही’ म्हणत अख्खा ऑब्जेक्ट अंगावर टाकतं. मग बसा डोळे ताणत.

खरी गोम तुलनेच्या मेथडला दिलेल्या तिसऱ्या पॅरामीटरमध्ये, म्हणजे तुलना किती कडक ते ठरवणाऱ्या मोडमध्ये आहे. तिथे फॉल्स दिलं की लेनियंट मोड: ॲरेचा क्रम कसाही चालतो (संख्या मात्र जुळावीच लागते) आणि जादा फील्डही खपून जातात. म्हणजे युजरच्या रिस्पॉन्समधून उद्या पासवर्डचा हॅश (त्याचं सांकेतिक रूप) बाहेर पडला तरी टेस्ट हिरवीगार! दुसऱ्यांची एपीआय वापरत असाल तर ही ढिलाई सोयीची, कारण त्यांनी नवं फील्ड घातलं म्हणून आपलं काही अडत नाही. स्वतःच्या एपीआयसाठी मी नॉन-एक्स्टेन्सिबल लावते: क्रम माफ, जादा फील्डला मनाई. सॉर्ट केलेली यादी तपासायची असेल तर थेट स्ट्रिक्ट: क्रमही जुळायला हवा, जादा फील्डही नको. आणि ट्रू-फॉल्स न लिहिता मोडचं नाव लिहा. रिव्ह्यू करणाऱ्याला त्या नुसत्या फॉल्सवरून काय कळणार?

आकड्यांच्या बाबतीत जपून. १ आणि १.० त्याला सारखेच. १.५ आवृत्तीत आकडे ‘डबल’ या मर्यादित अचूकतेच्या दशांश प्रकारात बदलून ताडले जातात, त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९२ आणि ९००७१९९२५४७४०९९३ हे दोन वेगळे आयडीही एकच ठरतात. इथे स्ट्रिक्टही कामाला येत नाही. एवढे लांब आयडी असतील तर ते स्ट्रिंगमध्येच पाठवावेत.

दर वेळी बदलणाऱ्या तारीख-वेळेसाठी कस्टमायझेशन आहे: फील्डचा पाथ (जेसनमधली जागा) आणि रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा नमुना) द्यायचं. लिहायला जरा लांबलचक, म्हणून पुष्कळजण ‘काहीही चालेल’ असा मॅचर (किंमत तपासणारा नियम) लावून मोकळे होतात. मग तारखेच्या जागी रिकामी स्ट्रिंग आली तरी कुणाला पत्ता लागत नाही.