पहिला ड्राफ्ट कोणाचा? एआय आणि कॉपीरायटर, एकाच आंब्याच्या पेटीवर

चॅटजीपीटी घेऊ, जेमिनाय घेऊ की क्लॉड, असं कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, लिहिणारी मित्रमंडळी सारखी विचारतात. मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. तिन्हींच्या फुकट आवृत्त्या आहेत, तिन्ही बऱ्यापैकी मराठी लिहितात आणि आज जे पुढे आहे ते सहा महिन्यांनी मागे पडलेलं असतं. आठवडाभर तिन्ही वापरा आणि ज्याचं मराठी कमी खटकेल ते ठेवा. ठरवायचं आहे ते वेगळंच: कोऱ्या पानावर आधी कोणी बसायचं, तुम्ही की एआयनं?

मागच्या हंगामात एका आंबेवाल्याचं काम होतं. देवगडला बाग, विक्री पुण्यात घरपोच. गूगलच्या जाहिराती, एसएमएस, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, वेबसाइटवरची वर्णनं आणि पेटीत टाकायचं एक छोटं कार्ड, असा सगळा पसारा. काही काम एआयकडून आधी लिहून घेतलं, काही आधी स्वतः लिहून मग त्याच्यापुढे ठेवलं. कार्ड मात्र दोन्ही पद्धतींनी करून पाहिलं.

आधी एआय, मग मी

ब्रीफ दिलं: माल कुठला, भाव काय, गिऱ्हाईक कोण. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं: "कोकणच्या मातीतला अस्सल गोडवा, आता तुमच्या दारी! नैसर्गिकरीत्या पिकवलेला, जीआय मानांकित देवगड हापूस. आजच ऑर्डर करा आणि अनुभवा आंब्याची जादू."

शुद्धलेखन बरोबर, व्याकरण बरोबर. पण नाव बदललं तर हाच मजकूर शेजारच्या बागवाल्यालाही चालेल, आणि त्याच्या शेजाऱ्यालाही. शिवाय यातल्या दोन गोष्टी मी सांगितलेल्याच नव्हत्या. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. पण ते आपल्या मालावर मिरवायचं तर बागायतदारानं अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलेली असावी लागते. आमच्या क्लायंटनं केली नव्हती. "पुढच्या वर्षी करू" एवढंच उत्तर होतं. दुसरी गोष्ट "पिकवलेला". हा माणूस आंबा पिकवून पाठवतच नाही. पेटी निघते तेव्हा फळ हिरवं आणि टणक असतं, पिकतं ते गिऱ्हाइकाच्या घरी, पेंढ्यात. एआयनं खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. आंब्याच्या जाहिरातीत जे शब्द नेहमी येतात ते त्यानं इथेही आणले, इतकंच.

आधी मी, मग एआय

लिहायला बसण्यापूर्वी क्लायंटला फोन केला आणि विचारलं, लोक तक्रार कशाची करतात? तो म्हणाला, "पेटी उघडतात, हिरवा आंबा बघतात आणि ओरडायला फोन करतात. कच्चा माल पाठवलात म्हणून." त्यावरून कार्ड असं झालं: "पेटी उघडलीत आणि आंबा हिरवा दिसला तर आत्ता फोन करू नका. चार दिवस थांबा. घरभर वास सुटला की मग करा, पुढच्या पेटीसाठी."

यावर कोणी म्हणेल, हीच माहिती एआयला दिली असतीत तर त्यानंही लिहिलं असतं. नंतर दिली. उत्तर आलं: "कृपया लक्षात घ्या, आंबे पिकण्यासाठी ४-५ दिवस लागू शकतात. संयमाचं फळ गोड असतं!" पहिलं वाक्य औषधाच्या बाटलीवरचं, आणि दुसऱ्यात सरळ हिंदीतलं सब्र का फल मराठी कपडे घालून आलेलं. आंब्याच्या पेटीत टाकायच्या कार्डावर तो विनोद आहे हेसुद्धा त्याला कळलं असेल की नाही, शंका आहे.

मला तरी वाटतं, आपला पहिला ड्राफ्ट म्हणजे आपल्याला काय सांगायचंय ते शोधत फिरणं. तो एआयला दिला की फोन करायची गरजच वाटत नाही, कारण समोर काहीतरी लिहिलेलं असतं, आणि ते वाईटही नसतं.

तरी पहिली पद्धत मोडीत काढू नका. वेबसाइटवर आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ, आमरसाचे डबे अशा वीसेक वस्तूंची वर्णनं हवी होती. तिथे गिऱ्हाईक वजन, टिकण्याची मुदत आणि भाव बघतं. ती एआयनं लिहिली, मी एका दुपारी तपासली आणि त्यात मला काडीचीही लाज वाटत नाही. गूगलच्या सर्च जाहिरातींचंही तसंच. तिथे एका जाहिरातीला १५ पर्यंत हेडलाइन लागतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ३० अक्षरांच्या, आणि ९० अक्षरांची चार वर्णनं. माणूस सातव्या हेडलाइनला कंटाळतो. एआयकडून चाळीस घ्यायच्या, तीस फेकायच्या.

फक्त मोजणी त्याच्यावर सोपवू नका. "३० अक्षरांत" म्हटलं की तो हो म्हणतो आणि ३८ देतो, कारण तो अक्षरं बघतच नाही, शब्दांचे तुकडे बघतो. त्यात देवनागरीत मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. "दिवाळी" आपल्याला तीन अक्षरांची दिसते, संगणकाला सहाची. एक्सेलमध्ये मोजा.

एसएमएसमध्ये हे जास्त बोचतं. रोमन लिपीत एका मेसेजला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीत ७०. त्यापुढे गेलात की दुसऱ्या मेसेजचे पैसे. "अक्षय्य तृतीया" हे दोन शब्दच मधल्या जागेसह १४ खातात. शिवाय व्यावसायिक एसएमएसचा नमुना आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, त्यामुळे दहा पर्यायांचा काही उपयोग नाही. एकच मजकूर हवा आणि तो घट्ट हवा. हे काम हातानेच बरं.

लिहायला नाही, वाचायला

तिसरी पद्धत फार कमी जण वापरतात आणि मला तीच सगळ्यांत फायद्याची वाटते: एआयला एक ओळही लिहू द्यायची नाही, फक्त गिऱ्हाईक म्हणून वाचायला बसवायचं. मी लिहिलेला व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज त्याला दिला आणि विचारलं, आयुष्यात पहिल्यांदा ऑनलाइन आंबा मागवणारी बाई कुठे अडेल? पहिलाच प्रश्न आला: "पेटीत किती आंबे असतात?" मी डझन लिहिलेच नव्हते! आम्हा दोघांना, मला आणि बागवाल्याला, ते इतकं पाठ होतं की मजकुरातून गळलं.

"कसं झालंय?" असं मात्र विचारू नये. तो हमखास कौतुक करतो. "यातली सगळ्यांत कमकुवत ओळ कोणती आणि का?" असं विचारलं की जरा कामाचं बोलतो.

दाव्यांच्या तपासणीलाही तो चांगला. मजकुरातला प्रत्येक दावा वेगळा काढायला सांगा आणि समोर पुरावा कोणता लागेल ते लिहायला सांगा. "सेंद्रिय" म्हणायचं तर प्रमाणपत्र लागतं. "कार्बाइडमुक्त" ही तर गंमतच आहे: कार्बाइडनं फळं पिकवायला देशात बंदीच आहे, म्हणजे आपण कायदा पाळतो याची जाहिरात. "मधुमेहींनाही चालेल" हे कोणीही सुचवलं, माणसानं किंवा एआयनं, तर तिथल्या तिथे खोडा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. १९८५ पासून काम करणारी मुंबईची जाहिरात मानक परिषद, म्हणजे आपली अ‍ॅस्की, तीही दाव्याचा आधार मागतेच. तिथे "एआयनं लिहिलं होतं" हे उत्तर चालत नाही.

इंग्रजीतून की थेट मराठीत

मुंबईतल्या बऱ्याच एजन्सीत कॉपी आधी इंग्रजीत ठरते, मराठी "करून घेतात". एआयमुळे हे आणखी सोपं झालंय आणि निकाल आणखी वाईट: "तुमच्या चवीला द्या नवी उंची" छापाची वाक्यं तिथूनच येतात. पूर्वी थेट मराठीत काम करणं खर्चिकही होतं, कारण देवनागरीचे फार तुकडे पडायचे आणि वापराचा हिशेब तुकड्यांवर होतो. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आलं तेव्हा ओपनएआयनंच दिलेल्या मराठी नमुन्याचे ९६ तुकडे ३३ वर आले. त्यामुळे ती सबब आता फारशी उरलेली नाही. प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायची सूचना, मराठीत लिहा, "तुम्ही" की "आपण" ते आधीच सांगा, नाहीतर तिसऱ्या ओळीत तो बदलतो. आणि क्लायंटनं स्वतः गिऱ्हाइकांना पाठवलेले पाच-सहा मेसेज नमुन्याला जोडा. त्याची बोली तिथे असते. जोडण्यापूर्वी नावं आणि फोन नंबर काढून टाका, आणि आपला मजकूर प्रशिक्षणासाठी वापरू द्यायचा की नाही ते सेटिंगमध्ये जाऊन बघा.

मग कोणी काय निवडावं? ई-कॉमर्सच्या शेकडो वर्णनांवर पोट असेल तर आधी एआय, आणि आपला दर शब्दांवर नव्हे तर कामावर लावा. नाहीतर क्लायंट दोन महिन्यांत तो अर्धा करून मागेल. ब्रँडचा आवाज, पॅकिंगवरचा मजकूर, सणाची जाहिरात असं काम असेल तर आधी तुम्ही, आणि एआय वाचक म्हणून. या धंद्यात पहिलं-दुसरं वर्ष असेल तर काम कोणतंही असो, आधी एआय नकोच. त्यानं दिलेलं मराठी कुठे खटकतं हे कळायला आधी आपल्या कानाला सवय लागावी लागते, आणि ती आपले वाईट ड्राफ्ट फाडूनच लागते.

यंदा त्या बागवाल्यानं कार्ड तेच ठेवलंय. फक्त छपाईला जायच्या आदल्या रात्री त्याचा फोन आला: "चारचं चार-पाच करा हो. यंदा फळाला थोडा वेळ लागतोय."