दाखल्याचं सॉफ्टवेअर, आठ महिने वापरून: ट्वेंटी आणि फर्स्ट यांच्यामधलं हायफन

जूनमध्ये शाळेने हे सॉफ्टवेअर घेतलं, आता फेब्रुवारी संपत आला. फीच्या पावत्या, बोनाफाइड, जनरल रजिस्टरचा उतारा याबद्दल बऱ्याच जणांनी लिहून झालंय, आणि त्यात माझी फारशी तक्रार नाही. मला लिहायचंय ते इंग्रजी दाखल्यावरच्या एका ओळीबद्दल: जन्मतारीख अक्षरी.

सप्टेंबरात एक पालक दाखला घेऊन परत आले. मुलगा दहावी होऊन गेलेला. कुठल्याशा कचेरीत त्यांना सांगितलं होतं, अंकात २१ जून आहे आणि अक्षरात एक जून, शाळेतून नीट करून आणा. मी दाखला हातात घेतला. चौकट अरुंद, त्यामुळे ‘ट्वेंटी’ पहिल्या ओळीच्या टोकाला गेलेलं आणि ‘फर्स्ट जून टू थाउजंड नाइन’ दुसऱ्या ओळीवर. ट्वेंटीवर आमच्याच गोल शिक्क्याची शाई. दुसरी ओळ तेवढी वाचली तर एक जूनच. त्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडाली होती. दाखला मी तयार केलेला, तपासून सही माझी. मला फार वाईट वाटलं.

मुळात सॉफ्टवेअर ‘ट्वेंटी फर्स्ट’ असं मोकळं लिहीत होतं, मध्ये हायफन नाही. इंग्रजीत एकवीसपासून नव्याण्णवपर्यंत दहाच्या पटीतले आकडे सोडले, तर दशक आणि एकक हायफननेच जोडायचे असतात. आपल्याला हे पटकन जाणवत नाही, कारण मराठीत एकवीस हा मुळातच एक शब्द आहे. त्याच सॉफ्टवेअरचा मराठी दाखला ‘एकवीस जून दोन हजार नऊ’ असा येतो. ती ओळ कुठेही तुटली तरी एकवीसचे तुकडे होत नाहीत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आमच्या स्टाफरूममध्येही झाला. इंग्रजीत आता ‘वीस एक’च आहे, आणि ते दोन शब्द मिळून एकच संख्या आहे हे सांगणारं संयोगचिन्ह तेवढं त्यांच्या हातात आहे. तेच काढलं तर काय उरलं?

सपोर्टला फोन केला. तिकडचा मुलगा म्हणाला, “मॅडम, हायफनने काय फरक पडतो? अर्थ तर कळतोच ना.” मी म्हटलं, तुला कळतो, खिडकीवर कळला नाही. मग म्हणे, साचा बदलायचा तर कस्टमायझेशनचे दीड हजार रुपये पडतील. वर्षाचे साडेचार हजार भरलेल्या शाळेकडून एका आडव्या रेघेचे दीड हजार! आमच्याकडे खडूच्या खोक्याचंसुद्धा व्हाउचर लागतं. मी नाही म्हटलं आणि तीन आठवडे रोज एक मेल केला. तोवर २१ ते २९ आणि ३१ अशा दहा तारखांचे दाखले वर्डमध्ये हाताने केले.

ऑक्टोबरात अपडेट आलं, फुकट. हा रिव्ह्यू तेव्हाच लिहिला असता तर एकच स्टार दिला असता, कारण आता दिसेल तिथे हायफन: ‘ट्वेंटी-फर्स्ट-जून-टू-थाउजंड-नाइन’. हजार आणि नऊच्या मध्ये हायफन येत नाही, ‘हंड्रेड’ या शब्दापुढेही नाही. १९८४ लिहायचं तर ‘नाइंटीन’ सुटं आणि ‘एटी-फोर’ जोडलेलं. हे मी कागदावर लिहून फोटो पाठवला.

इथे मला माझं मत बदलावं लागलं. फोटो पाहून त्यांच्या प्रोग्रामर बाईंनी स्वतः फोन केला, अर्धा तास बोलल्या, एकेक वर्ष विचारून घेतलं. २००० ते २०२० मध्ये जन्मलेल्या मुलांच्या वर्षात हायफन लागतच नाही, म्हणून त्यांच्या चाचणीत वर्षाची चूक कधी दिसलीच नव्हती. पण द्वितीय प्रत मागायला माजी विद्यार्थी येतात, त्यांच्या नाइंटीन एटी-सिक्स, नाइंटीन नाइंटी-थ्रीला लागतं. आणि २०२१ ची मुलं आता आमच्या बालवाडीत आहेत. त्यांच्या दाखल्यावर ‘टू थाउजंड ट्वेंटी’ वर आणि ‘वन’ खाली गेलं, तर वरची ओळ एकटीच वाचून २०२० हे धडधाकट वर्ष तयार होतं. हे ऐकून त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “ताई, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.”

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला ठाऊक नव्हती. साध्या हायफनपाशी संगणक ओळ तोडू शकतो, म्हणजे नुसतं हायफन घालून माझं काम होणारच नव्हतं. त्यासाठी न तुटणारं हायफन वेगळं असतं. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि हायफन एकदम दाबलं की ते येतं. दाखले हाताने करणाऱ्यांनी एवढं आजच करून घ्या. अख्खं ‘ट्वेंटी-फर्स्ट’ एकत्रच खालच्या ओळीवर उतरतं.

डिसेंबरच्या अपडेटपासून दाखल्यावर तेच येतंय. शिक्का कुठेही पडो, तारीख दुभंगत नाही. त्या पालकांना नवीन दाखला मी घरी नेऊन दिला.

फीच्या पावतीवर मात्र ‘फोर्टी फाइव्ह’ अजून मोकळंच आहे, आणि फोर्टीच्या स्पेलिंगमध्ये जादा यू आहे. तेही कळवलंय.

स्टार साडेतीन. नूतनीकरणाला तीन वर्षांच्या योजनेत दोन हजार वाचत होते, तरी मी हेडसरांकडून एकाच वर्षाची मंजुरी घेतली. कारण परवा ३१ ऑक्टोबरच्या एका मुलीचा दाखला काढला, तर ‘थर्टी फर्स्ट’ पुन्हा मोकळं. दुरुस्ती फक्त वीसच्या घरात केलेली दिसते. तिचा दाखला मी वर्डमध्ये केला, बाईंना मेल पाठवलाय, उत्तर यायचंय.