व्हर्च्युअल मशीन हलवावे की आतली सेवा?

सोलापुरातील अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेल कारखान्याला ऑर्डरींची नोंद अखंड चालू ठेवायची असेल, तर दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग प्रॉक्समॉक्सचा, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) चालवणाऱ्या प्रणालीचा: त्यात एखादा सर्व्हर बंद पडल्यावर त्यावरील व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या सर्व्हरवर नव्याने सुरू होते. मांडणी सोपी असली तरी कोणता सर्व्हर बंद पडला हे बहुमताने ठरवण्यासाठी क्लस्टरमध्ये (एकत्र जोडलेल्या सर्व्हरच्या गटात) एकूण किमान ३ मते लागतात आणि मशीन चालू असताना आतला डेटाबेस अडकला, तर ते क्लस्टरला कळत नाही. दुसरा मार्ग म्हणजे पेसमेकर (बंद पडलेली सेवा दुसऱ्या मशीनवर सुरू करणारे सॉफ्टवेअर) आणि कोरोसिंक (मशीनांमध्ये संपर्क ठेवणारे सॉफ्टवेअर) दोन व्हर्च्युअल मशीनांच्या आत बसवणे; त्यामुळे थेट डेटाबेसवर लक्ष राहते. मात्र बिघडलेल्या नोडला (जोडीतील मशीनला) सक्तीने बंद करणारे फेन्सिंग नसेल, तर दोन्ही नोड सामायिक डिस्कवर एकाच वेळी लिहून डेटा नासवू शकतात. (दोन्ही मशीन एकाच सर्व्हरवर ठेवणे तर निरर्थकच; तो बंद पडला की दोन्ही जातात.) फेन्सिंग सांभाळणारा जाणकार कारखान्यात नसेल, तर पहिलाच मार्ग निवडावा, असे मी आग्रहाने सांगेन.