अली की टायसन? आधी साल सांगा

मुहम्मद अली मोठा बॉक्सर की माइक टायसन, आमच्या घरात दर दिवाळीला हा वाद निघतो आणि चिवड्याचा डबा रिकामा होईपर्यंत चालतो. यंदा मेव्हणे आणि चुलतभाऊ यांनी मिसळीची पैज लावली आणि निकाल द्यायला मला बसवलं. मी म्हटलं देतो निकाल, पण कुठला अली आणि कुठला टायसन? कारण १९८० च्या ऑक्टोबरमध्ये लॅरी होम्ससमोर उभा राहिलेला ३८ वर्षांचा माणूस पण अलीच होता, दहाव्या राऊंडनंतर त्याच्या कॉर्नरनेच, म्हणजे त्याच्याच ट्रेनर मंडळींनी, मॅच थांबवली. आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जेक पॉल या यूट्यूबर-बॉक्सरसमोर दोन-दोन मिनिटांचे आठ राऊंड कसेबसे काढून पॉइंट्सवर हरलेला ५८ वर्षांचा गृहस्थ पण टायसनच. या दोघांची मॅच लावली तर मी चॅनल बदलीन.

मग ठरलं की दोघांचा चांगला काळ घ्यायचा. टायसनचं सोपं आहे, २७ जून १९८८, अटलांटिक सिटी, समोर तोवर एकही मॅच न हरलेला मायकल स्पिंक्स आणि ९१ सेकंदात खेळ खलास. टायसनला बावीसावं लागायला तीन दिवस बाकी होते. जूनच घ्या हं, डिसेंबर नको, कारण त्याच वर्षाच्या शेवटी त्याने ट्रेनर केव्हिन रूनीला काढून टाकलं आणि त्यानंतर डोकं हलवणं, कोनातून आत शिरणं हे हळूहळू कमी होत गेलं, उरला तो फक्त एकेक जोरदार ठोसा.

अलीचं मात्र अवघड आहे कारण चांगले अली दोन आहेत. एक १९६७ चा, २५ वर्षांचा, पायात स्प्रिंग लावल्यासारखा. दुसरा १९७४ चा, ३२ वर्षांचा, किन्शासात जॉर्ज फोरमनला आठव्या राऊंडमध्ये पाडणारा. मधली साडेतीन वर्षं व्हिएतनाम युद्धाला जायला नकार दिल्यामुळे बंदीत गेली, आणि ती त्याची ऐन उमेदीची वर्षं होती.

आता १९६७ चा अली आणि १९८८ चा टायसन शेजारी उभे करा. अली ६ फूट ३ इंच, टायसन ५ फूट १० इंच. हाताचा पल्ला अलीचा ७८ इंच, टायसनचा ७१. वजन दोघांचं जवळपास सारखंच, पण टायसनचं सगळं मान, खांदे आणि मांड्यांत गोळा झालेलं. अलीवाले लोक हमखास १९६६ ची क्लीव्हलंड विल्यम्सची मॅच दाखवतात, तीन राऊंडमध्ये संपवली, पाय बघा वगैरे. बघायला भारी आहे, शंकाच नाही. पण विल्यम्सला दोन वर्षं आधी पोलिसाची गोळी लागली होती, एक किडनी गेली होती, त्यामुळे त्या व्हिडिओवर पैज लावू नका.

त्यापेक्षा हेन्री कूपरची मॅच बघा, लंडन, १९६३. अली हात कमरेशी ठेवून लढतो आणि ठोसा आला की खाली न वाकता डोकं सरळ मागे नेतो. ते नव्वद टक्के वेळा चालून जातं. चौथ्या राऊंडच्या शेवटी कूपरचा डावा हूक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, लागला आणि साहेब दोरांवर बसले, बेल झाली म्हणून वाचले. १९७१ मध्ये पंधराव्या राऊंडला जो फ्रेझियरने पाडलं तेही डाव्या हूकनेच. आणि टायसनचा डावा हूक म्हणजे... असो. टायसनचं अजून एक होतं, उजव्या हाताने आधी बरगडीखाली मारायचं आणि तोच हात मागे न घेता खालून वर हनुवटीला ठोसा, म्हणजे अपरकट. पोटावरचा बसला की माणसाचं कोपर आपोआप खाली येतं आणि तेवढ्यात वरचा लागतो. स्लो मोशनमध्ये बघितलं तरच कळतं, समोरच्याला तर कळतच नसावं.

तरीपण १९६७ ला मी अलीलाच घेतो. पहिले चार राऊंड त्याला पळत काढावे लागतील आणि एकदा तरी खाली बसावं लागेल हे धरून चाला. पण टायसन आत शिरतो तो सरळ रेषेत उभ्या असलेल्या माणसाच्या, हा तर सतत डावीकडे गोल फिरणार आणि जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, मारत राहणार. टोकियोत १९९० मध्ये बस्टर डग्लसने लांब जॅब मारून आणि जवळ आला की मिठी मारूनच टायसनला थकवलं आणि दहाव्याला पाडलं. तो टायसन १९८८ चा नव्हता हे मान्य, पण आधी १९८७ मध्ये बोनक्रशर स्मिथने नुसतं धरून धरून पूर्ण बारा राऊंड काढले होते आणि तेव्हा रूनी कॉर्नरमध्येच होता. कधी तीन मिनिटं हात हनुवटीशी धरून, गुडघे वाकवून नुसतं डुलत राहून बघा, मी जिममध्ये बघितलंय, दुसऱ्या राऊंडलाच खांदे पेटतात. टायसनची स्टाईल म्हणजे हेच, वर ठोसे वेगळे.

१९७४ चा अली मात्र वेगळा माणूस. पाय गेले होते, पण धरण्यात उस्ताद झाला होता, डावा हात मानेमागे टाकून समोरच्याला खाली दाबायचा, फोरमनला पण तसंच केलं. मेव्हण्यांचं म्हणणं की फोरमनसारखंच रोपला, म्हणजे रिंगच्या दोरांना, टेकून टायसनलाही दमवला असता. मला नाही पटत. फोरमनचे ठोसे लांबून, फिरून येणारे, दिसायचे तरी. टायसनचे आखूड आणि खालून, रोपला टेकलात की तुम्ही आयतेच त्याच्या घरात. बारा राऊंडची मॅच असेल तर टायसन, आणि तेही सहाच्या आत. पंधराची असेल आणि अली आठव्यापर्यंत उभा असेल तर माझे पैसे अलीवर, कारण टायसन आयुष्यात बाराच्या पुढे कधी गेलाच नाही आणि फ्रेझियरबरोबर तीन मॅचमध्ये मिळून ४१ राऊंड खेळलेल्या माणसाला शेवटच्या राऊंडमधला त्रास नवा नव्हता.

आणि कॉम्प्युटरला विचारू म्हणणाऱ्यांसाठी, तेही होऊन गेलंय. १९६९ मध्ये अली आणि निवृत्त रॉकी मार्सियानो यांना कॅमेऱ्यासमोर लुटूपुटूचं लढवलं, निकाल कॉम्प्युटरचा. अमेरिकेत मार्सियानो तेराव्यात जिंकला, युरोपात दाखवलेल्या शेवटात अली. प्रेक्षक बदलला की निकाल बदलला!

चुलतभावाने मग फोरमन आणला. १९७३ चा फोरमन विरुद्ध १९८८ चा टायसन, यात मी फार वेळ घालवत नाही. जमैकात किंग्स्टनमध्ये फोरमनसमोर फ्रेझियर दोन राऊंडमध्ये सहा वेळा पडला तो कसा पडला बघा, वाकून आत येणारा बुटका माणूस आणि खालून येणारा अपरकट. टायसन फ्रेझियरपेक्षा चपळ आणि सुरुवातीलाच गरम, त्यामुळे पहिला ज्याचा बसेल तो, पण थोडं पारडं फोरमनकडे.

१९९४ चा फोरमन जास्त मजेशीर आहे. ४५ वर्षांचा, २५० पौंडांचा, वीस वर्षांपूर्वीची तीच लाल चड्डी घालून आला, मायकल मूररकडून नऊ राऊंड मार खाल्ला आणि दहाव्यात एका उजव्या हाताने चॅम्पियन झाला. १९८८ च्या टायसनसमोर तो पॉइंट्सवर हरेल, पण पडणार नाही असं मला वाटतं, कारण त्याआधी ४२ व्या वर्षी तेव्हाच्या चॅम्पियन होलिफिल्डसमोर पूर्ण बारा राऊंड उभा होता. तुरुंगातून आलेल्या १९९६ च्या टायसनसमोर मात्र मी डोळे झाकून म्हाताऱ्या फोरमनवर पैसे लावतो.

मिसळ कुणी द्यायची ते अजून ठरलेलं नाही. मेव्हणे म्हणतात पंधरा राऊंड, चुलतभाऊ म्हणतो बारा.