श्रीनगरहून लेह, मनालीहून लेह की स्पिती? पहिल्या बाईकवारीआधी ठरवायच्या गोष्टी

मनालीहून लेहकडे निघालं की टांडीला, चंद्रा आणि भागा या नद्या मिळतात तिथे, पेट्रोल पंप लागतो. ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ ही तिथली पाटी बाईकवाल्यांत प्रसिद्ध आहे. माझ्याकडेही तो फोटो आहे. सकाळी साडेदहाची वेळ, निळंशार आभाळ, टाकी काठोकाठ भरलेली. त्याच रात्री अकरा वाजता मी सरचूच्या तंबूत दोन रजया गुंडाळून बसून होतो. बसून, कारण आडवं झालं की डोक्यात घण पडायचे. घोटभर पाणी प्यायलं तरी उलटून पडत होतं. शेजारच्या खाटेवरचा मित्र दर अर्ध्या तासाने माझं नाव घेऊन हाक मारायचा आणि मी ओ देतोय ना, हे बघायचा. उजाडल्यावर त्याने मला एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बसवून खाली जिस्पाला आणलं. हजारेक मीटर उतरलो आणि दुपारी दोनला मी राजमा-चावल जेवत होतो.

गाडीला काही झालं नव्हतं, रस्ताही चांगला होता. चुकलं होतं ते मुक्कामाचं ठिकाण. मनाली साधारण २,०५० मीटरवर, सरचू जवळपास ४,३०० मीटरवर, आणि विरळ हवेची सवय अंगाला व्हायच्या आत मी ते एका दिवसात केलं होतं. म्हणून कुणी विचारलं, “पहिल्यांदा जायचंय, कुठून जाऊ?”, की मी खिंडींची उंची सांगत बसत नाही. रोज रात्री कुठे झोपणार, ते आधी विचारतो. तिन्ही रस्त्यांची तुलना मी त्याच हिशोबाने करतो.

तीन रस्ते, तीन चढण्या

श्रीनगर १,६०० मीटरच्या आत. तिथून सोनमर्गवरून झोजी ला (‘ला’ म्हणजे खिंड; ही ३,५२८ मीटर) ओलांडून द्रास आणि मग कारगिलला मुक्काम, साधारण २,७०० मीटरवर. दुसऱ्या दिवशी नमिका ला, फोटू ला (४,१०८ मीटर), लामायुरूचा मठ, निम्मूजवळ सिंधू आणि झंस्कारचा संगम, आणि संध्याकाळी लेह, ३,५०० मीटर. एकूण सव्वाचारशे किलोमीटर. खिंडी चढायच्या, पण झोपायला खाली उतरायचं. अंगाला सवय व्हायला वेळ मिळतो. द्रासच्या युद्धस्मारकाला तासभर ठेवाच. मागे तोलोलिंगचा डोंगर उभा असतो, समोर १९९९च्या शहीदांची नावं, आणि बोलका माणूसही तिथे गप्प होतो.

मनाली-लेह हा रस्ता ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाल्यापासून ४६ किलोमीटरने कमी झाला, आता साधारण ४३० किलोमीटर. आकडा श्रीनगरइतकाच, पण प्रकृती साफ वेगळी. जिस्पा सोडलं की बारालाचा ला (४,८५० मीटरच्या वर), गाटा लूप्सची २१ वळणं, नकी ला, लाचुलुंग ला (५,०६० मीटर), मोरे मैदानं आणि तांगलांग ला (५,३२८ मीटर). मधे झोपायला सरचू नाहीतर पांग, दोन्ही चार हजारांच्या वर. देखणेपणात याला तोड नाही, हे मी मनापासून सांगतो. मोरे मैदानांवर चाळीस किलोमीटर गाडी सरळ रेषेत पळते आणि दोन्ही अंगांना डोंगरांचे रंग बदलत जातात. पण खालून वर जाताना हा रस्ता अंगावर येतो. लेहहून मनालीला उतरताना मात्र तोच सोपा होतो, कारण तोवर सात-आठ दिवस वरच्या हवेत गेलेले असतात.

हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्याची किन्नौरकडची वाट तिघांत सर्वांत समजूतदार. शिमला २,२०० मीटर, मग सांगला किंवा कल्पा तीन हजारांच्या आत, मग नाको, मग ताबो (इथला मठ इ.स. ९९६चा), आणि शेवटी काझा, साधारण ३,६५० मीटर. शिमल्याहून काझा चारशे-सव्वाचारशे किलोमीटर, पण ते चार दिवसांत करायचे. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते तिथून पुढे झाडं संपतात आणि नुसते मातकट, राखाडी कडे सुरू होतात. काझाला पोहोचेपर्यंत अंग तयार झालेलं असतं. मग ‘की’चा मठ, कोमिक गाव, हिक्कीमचं पोस्ट ऑफिस हे सगळं निवांत फिरता येतं. मात्र हाच फेरा उलटा, मनालीहून कुंझुम ला ओलांडून काझा असा सुरू केला, तर सरचूचीच गोष्ट चंद्रताल तलावाच्या मुक्कामाला (सव्वाचार हजार मीटर) होते.

सुट्टी कधीची आहे?

आपली उन्हाळी सुट्टी एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. हिमालयाच्या पलीकडचा उन्हाळा मात्र आपण इथे छत्र्या काढतो तेव्हा सुरू होतो. शिक्षक असाल किंवा पोरांच्या शाळेचं बघून निघणार असाल तर हा मुद्दा पहिला. झोजी ला बहुतेक एप्रिलपर्यंत मोकळा होतो. बारालाचा मेच्या उत्तरार्धात, कधी जूनमध्ये. कुंझुमचंही तसंच. किन्नौरमार्गे काझा मात्र बहुतेक वर्षभर चालू असतं. म्हणजे मे महिन्यात जायचं असेल तर श्रीनगर-लेह-श्रीनगर किंवा शिमला-काझा-शिमला, दोन्ही वेळा आल्या वाटेनेच परत. मेच्या तिसऱ्या आठवड्याचं मनाली-लेह कागदावर ठरवणाऱ्यांना मी दरवर्षी तेच सांगतो: बुकिंग करू नका.

जुलै-ऑगस्टचं कोडं आपल्या लोकांना लवकर कळतं, कारण आपण सह्याद्रीत वाढलो. महाबळेश्वरला धो-धो कोसळतो आणि दहिवडीला ढग नुसते बघून जातात, तसंच इथे. मनाली म्हणजे घाटमाथा, बोगद्यापलीकडचं लाहौल म्हणजे माणदेश. बोगद्यात रेनकोट घालून शिरायचं आणि नऊ किलोमीटरनंतर उन्हात बाहेर पडायचं, हे मी स्वतः अनुभवलंय. लेह-स्पितीत पाऊस कमी, पण तिथवर पोहोचण्याचे रस्ते पावसाच्या तावडीत. जुलै २०२३मध्ये बियासच्या पुराने कुल्लू-मनालीचा रस्ता जागोजागी तोडला. किन्नौरमध्ये ऑगस्ट २०२१ला निगुलसरीची दरड थेट महामार्गावर कोसळली. श्रीनगरच्या बाजूला याच दिवसांत अमरनाथ यात्रा असते. बालटालचा तळ सोनमर्गच्या पुढेच असल्यामुळे तपासणी आणि गाड्यांच्या रांगा धरून चालायच्या. मला विचाराल तर मुलाबाळांची सुट्टी आड येत नसेल तेव्हा सप्टेंबर धरावा. गणपती पोचवून निघालात तर पाऊस ओसरलेला, नाल्यांचं पाणी उतरलेलं, आणि स्पितीत मटार-जवाची कापणी चालू असते.

नाले

वर्तुळ पूर्ण करायचं म्हणून कुंझुम उतरून मनालीकडे येणार असाल, तर बातल ते ग्रांफू हा टप्पा नीट समजून घ्या. इथे रस्त्यावरून बर्फाचं पाणी वाहतं. पूल नाही, नाला थेट चाकाखालून. हे पाणी उन्हाच्या मागे चालतं: रात्री वर सगळं गोठतं म्हणून सकाळी सहा-सातला नाला घोट्याएवढा, आणि दुपारी दोनला तोच गुडघ्यावर.

जुलैच्या शेवटी मी आणि बायको डबलसीट होतो. चंद्रतालहून निघायला चहापायी तासभर उशीर झाला आणि छतरूच्या अलीकडचा नाला आम्हाला साडेबाराला भेटला. ती उतरून दगडांवरून पलीकडे गेली. मी पहिला गिअर टाकला, हाफ क्लच, अॅक्सिलरेटर एकसारखा, नजर पलीकडच्या काठावर. पाण्याखालचे गोटे नारळाएवढे आणि गुळगुळीत. मधोमध पुढचं चाक एका गोट्यावरून डावीकडे घसरलं, मी पाय टेकला आणि पाणी बुटात शिरलं. त्या क्षणी अॅक्सिलरेटर सोडावासा वाटतो. सोडायचा नाही. सोडला की इंजिन बंद पडतं, आणि सायलेन्सरमध्ये पाणी गेलं की पुढचा तास ढकलण्यात जातो. गाडी निघाली, पण पायाची बोटं पाच मिनिटांत बधिर झाली होती. पलीकडे बायकोने मोजे पिळून दिले आणि जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या पायात घालायला लावल्या. तेव्हापासून गमबूट सामानात सर्वांत वर असतात.

श्रीनगर-लेहवर हा प्रकार जवळपास नाही. मनाली-लेहवर थोडा आहे, पण बहुतेक नाल्यांवर आता पूल झालेत. डबलसीट जाणाऱ्यांनी पहिल्या खेपेला स्पितीहून किन्नौरमार्गेच परत यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडी स्वतःची की भाड्याची?

इथे बहुतेकांचा बेत फिसकटतो. लडाखबाहेरून भाड्याने आणलेल्या बाईकवर लेहपर्यंत येता येतं, पण पुढे नुब्रा खोऱ्यात, पँगाँग तलावाकडे ती चालवू देत नाहीत. स्थानिक भाडेवाल्यांचा त्याला ठाम विरोध आहे आणि वाटेत गाड्या अडवल्या जातात. त्यांच्या बाजूनेही बघा: वर्षातले चार-पाच महिने धंदा, बाकी बर्फ. मनालीहून भाड्याची गाडी आणली तर लेहला पुन्हा दुसरी घ्यायची, म्हणजे दुप्पट भाडं. शिवाय श्रीनगरला घेतलेली गाडी मनालीला सोडून येता येत नाही. म्हणून श्रीनगरहून वर आणि मनालीहून खाली हा सुंदर फेरा खऱ्या अर्थाने स्वतःच्या गाडीवाल्यांचाच.

स्वतःची गाडी रेल्वेने पाठवता येते. पुण्याहून झेलम एक्स्प्रेस जम्मूला जाते. पार्सल ऑफिसला आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात, टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आणि गाडी गोणपाटात बांधून घ्यावी लागते. आरसे आणि इंडिकेटर काढून सॅकमध्ये ठेवा. गाडी तुमच्याच ट्रेनने येईल असं धरू नका, चार दिवस आधी पाठवा. उरला पर्याय पुण्यातून चालवत जायचा. दिल्लीच साडेचौदाशे किलोमीटर, आणि मे-जूनमध्ये राजस्थानची लू अंगावर घेत. धडधाकट माणूसही डोंगराच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत अर्धा होतो. मी एकदा केलं, पुन्हा करणार नाही.

स्पितीला ही भाड्याची अडचण नाही. भाड्याची गाडी पूर्ण फेऱ्यात चालते. फक्त ताब्यात घेताना स्वतः तपासा. मला मिळालेल्या गाडीचा मागचा ब्रेक शू पार झिजलेला होता, हे नाकोच्या उतारावर कळलं. तेव्हापासून मी भाड्याची गाडी अर्धा तास उतारावर चालवून बघतो, टायरची नक्षी बघतो, आणि क्लच केबल, ब्रेक-क्लचच्या दांड्या, पंक्चर किट मागून घेतो.

कुठली गाडी, यावर फार डोकं शिणवू नका. पाच हजार मीटरवर प्राणवायू कमी, त्यामुळे प्रत्येक इंजिन दमतं. एकटा माणूस आणि बेताचं सामान असेल तर साधी स्प्लेंडरही खिंड चढते. डबलसीटला मात्र साडेतीनशे सीसीच्या वरची, फ्युएल इंजेक्शनवाली घ्या. कार्ब्युरेटरची गाडी तिथे घुसमटते आणि पेट्रोल पिते. टांडीनंतर लडाखमध्ये कारूपर्यंत भरवशाचा पंप धरू नका. तेरा लिटरच्या टाकीला तीसचं अॅव्हरेज धरलं तरी हिशोब अगदी काठावर येतो, म्हणून पाच लिटर जादा बरोबर हवंच. स्पितीत काझाला पंप आहे.

मोबाईलचंही आधी बघा. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड कार्ड चालत नाही, पोस्टपेड लागतं. स्पिती हिमाचलमध्ये, तिथे प्रीपेड चालतं, जिथे टॉवर असेल तिथे.

मग कुणी कुठे जावं?

हाताशी नऊ-दहा दिवस, भाड्याची गाडी आणि पहिलीच खेप असेल तर स्पिती. शिमल्याकडून चढा. ‘लडाख राहिलं’ ही हुरहुर काझाच्या पहिल्या सकाळीच मावळते. भारतीयांना परवान्याची भानगडही नाही.

पंधरा-सोळा दिवस आणि स्वतःची गाडी असेल तर जम्मू-श्रीनगर-कारगिल-लेह. लेहमध्ये पूर्ण दोन दिवस काही करायचं नाही, जवळचे थिकसे आणि शे हे मठसुद्धा नाहीत. मग ऑनलाइन फी भरून परवान्याचं काम उरका आणि आधी नुब्राला जा, कारण खारदुंग ला ओलांडला की दिस्कितचा मुक्काम लेहपेक्षाही खाली पडतो. त्यानंतर पँगाँग, आणि मग मनालीची उतरण. निम्मू-पदुम-दारचा हा शिंकू लावरून येणारा नवा रस्ता मोहात पाडतो, पण तो दुसऱ्या खेपेसाठी ठेवा.

दिवस बाराच असतील तर विमानाने लेहला जा आणि तिथलीच गाडी भाड्याने घ्या. मनाली-लेह रस्ता सुटेल, ते सोसा. बारा दिवसांत श्रीनगर, लेह, पँगाँग, मनाली असं सगळं कोंबलेला तक्ता माझ्याकडे दर महिन्याला कुणीतरी पाठवतं. त्यात मी पहिल्यांदा लेहचे विश्रांतीचे दिवस शोधतो. ते नसले की फोन करून बोलतो.

उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही, ते निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, ग्रुपमधल्या अनुभवी दादाला नाही. आणि बरोबरच्याचं डोकं दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, चालताना तोल जायला लागला, तर सकाळची वाट बघू नका. मिळेल त्या गाडीने त्याला खाली आणा. बाईक तिथेच उभी राहू दे, ढाबेवाले सांभाळतात. माझी सरचूच्या तंबूमागे दोन दिवस उभी होती, आणि तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा तंबूवाल्याने सीटवर ताडपत्री बांधून ठेवलेली होती.