अभ्यासिकेचं वायफाय: फोन ओळखायचा की सभासद?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतली अभ्यासिका असो की अंबाबाईच्या देवळाजवळचं यात्री निवास, वायफायचं दुखणं एकच. पासवर्ड भिंतीवर चिकटवला की थोड्याच दिवसांत अख्ख्या गल्लीला पाठ होतो. मग फी भरलेल्या पोराला मॉक टेस्ट उघडायला ताटकळावं लागतं आणि बाहेरच्या कट्ट्यावर मॅच सुसाट चालते. अशा वेळी मालक हमखास विचारतो, "आपल्याच माणसांचे फोन तेवढे ओळखायची काही सोय हाय काय ओ?" सोयी बऱ्याच आहेत. मात्र निवडताना नुसती किंमत बघू नका. लोकांची किती माहिती सांभाळायची जोखीम तुमच्या गळ्यात पडते, तेही बघा.

आधी आयएमईआयचं, म्हणजे फोनच्या कायमच्या ओळख-नंबरचं, निकालात काढू. *#०६# दाबल्यावर दिसणारा हा १५ आकडी नंबर काही अभ्यासिका प्रवेशाच्या फॉर्मवर मागतात. वायफाय राउटरला तो दिसतच नाही, आणि अँड्रॉइड १० पासून साध्या अ‍ॅपलाही मिळत नाही. फोन चोरीला गेला तर संचार साथी या सरकारी पोर्टलवर ब्लॉक करायला फोनच्या मालकाला तो लागतो. तुम्हाला नाही. रकाना खोडून टाका.

राउटरला दिसतो तो मॅक पत्ता, म्हणजे फोन किंवा लॅपटॉप वायफायला स्वतःची ओळख म्हणून सांगतो तो आकडे-अक्षरांचा पत्ता. नेटवर्क बसवणाऱ्यांचा पहिला सल्ला बहुधा हाच असतो: "सभासदांचे मॅक नोंदवा, बाकीचे बंद." खर्च शून्य, म्हणून गोड वाटतो. पण राउटरच्या यादीत जरा निरखून बघा. पत्त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो कंपनीने दिलेला पत्ता नव्हे, फोनने स्वतः बनवलेला आहे. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा पत्ता दाखवतात, म्हणजे तुमच्याकडे आलेला फोन आणि शेजारच्या कॅफेत गेलेला फोन एकच आहे हे कुणाला जुळवता येऊ नये. आयओएस १८ मध्ये 'रोटेटिंग' पर्याय निवडला तर हा पत्ता साधारण दोन आठवड्यांनी बदलतो. थोडक्यात, तुमची यादी शिळी होत राहणार आणि काउंटरवर "सर, नेट लागंना" चालूच राहणार.

त्यावर काही जण सभासदांना फोनमधली ती सोय बंद करायला लावतात. हे मला पटत नाही. आपल्या यादीच्या सोयीसाठी दुसऱ्याच्या दाराची कडी काढून घेण्यासारखं आहे ते. शिवाय सुरक्षाही मिळत नाही: नेटवर्कला पासवर्ड असला तरी मॅक पत्ता हवेत उघडाच जातो, आणि थोडं जाणणारा पोरगा तो उचलून आपल्या लॅपटॉपला चिकटवू शकतो. "आम्ही मॅक हॅश करून (गणिती सूत्राने ओळखू न येणारा करून) ठेवतो" असं विक्रेता म्हणाला तरी हुरळू नका. पत्ता ४८ बिटांचा, त्यातले निम्मे बिट कंपनीचे ठरलेले. हॅश करताना त्यात गुप्त भर (सॉल्ट) मिसळलेली नसेल तर सगळ्या शक्यता तपासून मूळ पत्ता काढायला साधा संगणकही पुरतो.

दुसरा मार्ग ओटीपीचा: वायफायच्या लॉगिन पानावर, म्हणजे पोर्टलवर, मोबाईल नंबर टाकायचा आणि आलेला कोड भरायचा. लोकांच्या सवयीचा आहे, कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण सगळ्यांत जास्त माहिती गोळा करणाराही हाच. नंबर, वेळ, किती वेळा आला, सगळं पोर्टल चालवणाऱ्याच्या सर्व्हरवर जातं, आणि तिथून जाहिरातीच्या एसएमएसपर्यंत अंतर फार नसतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. माहिती सुरक्षित न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. अभ्यासिकेला कुणी एवढा दंड करणार नाही हे खरं, पण कशासाठी घेतलं ते सांगणं आणि काम संपल्यावर पुसणं तुमच्याही वाट्याला येतं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती, हा आणखी एक ताप.

आणि मुळात नंबर पुन्हा घ्यायचाच कशाला? अभ्यासिकेत प्रवेशाचा फॉर्म भरलेला असतो, यात्री निवासात रजिस्टरला ओळखपत्राची नोंद असते. ओळख एकदा घेतलेली आहे. नेटवर्कला फक्त तिच्याशी जोडणारा धागा हवा.

तो धागा अभ्यासिकेसाठी पीपीएसके. वायफायचं नाव एकच, पण प्रत्येक सभासदाला वेगळा पासवर्ड. फी थकली की तेवढाच बंद करायचा, बाकी कुणाला काही कळतही नाही. राउटरला दिसतं "सीट २३", नाव दिसत नाही. नाव तुमच्या कपाटातल्या फॉर्मवर. मोबाईल आणि लॅपटॉप दोन्हीला तोच पासवर्ड चालतो, मॅक बदलला तरी फरक पडत नाही. फक्त पासवर्ड मॅकला बांधायचा पर्याय दिसला तर बंद ठेवा. ओमाडा, युनिफाय या ब्रँडच्या वायफाय उपकरणांत पीपीएसके मिळतं, रकस कंपनीवाले त्यालाच डीपीएसके म्हणतात. साध्या घरगुती राउटरमध्ये नसतं, म्हणजे खर्च आहे. आणि हे बहुतेक ठिकाणी डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षेच्या जुन्या पद्धतीवरच चालतं, ते खरेदीआधी विचारून घ्या.

यात्री निवासाला हे नको. नवरात्रात रोज नवी माणसं, कोण पासवर्ड बनवत बसणार? तिथे व्हाउचर: २४ तास चालणारी कोडची चिठ्ठी, रजिस्टरमध्ये खोलीच्या नोंदीपुढे कोड लिहिला की झालं. परदेशी पाहुणा, सिम नसलेला टॅब, सगळे त्यात बसतात. नेटवर्क मात्र उघडं ठेवू नका, वर साधा पासवर्ड असू द्या.

मिसळीच्या दुकानाला यातलं काहीच नको. तिथे रजिस्टर नसतं, आणि सार्वजनिक वायफायवर ओळख पटवण्याची सूचना दूरसंचार विभागाने २००९ मध्येच दिलेली. अशांसाठी २०२० ची पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची सरकारी योजना बरी: परवाना लागत नाही, आणि ओळख पटवण्याचं काम अ‍ॅप आणि अ‍ॅग्रिगेटरकडे (अशी अनेक दुकानं एकत्र सांभाळणाऱ्या कंपनीकडे), गल्ल्याकडे नाही.

मोबाईल कंपन्यांनाही याच प्रश्नाशी झुंजावं लागलं. ४जी पर्यंत सिमचा कायमचा नंबर, आयएमएसआय, पहिल्या जोडणीत उघडा जाऊ शकायचा, नंतर तात्पुरता नंबर चाले. ५जीच्या मानकात तो कंपनीच्या चावीने कुलूपबंद करून पाठवायची सोय आली. कंपनी ग्राहक ओळखते, मध्ये ऐकणारा ओळखू शकत नाही.

राहिला लॉगचा, म्हणजे वायफाय वापराच्या नोंदींचा, प्रश्न. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवस लॉग ठेवायला सांगितलंय. कुठला पासवर्ड किंवा कोड, कधी जोडला, कधी सुटला, कोणता आयपी मिळाला, एवढं ठेवा. कोण कुठली साइट बघतो याची यादी बनवणारा बॉक्स विक्रेता "फुकटात देतो" म्हणाला तरी ती सोय बंद करून घ्या, आणि १८० दिवसांनंतर लॉग आपोआप पुसला जातो का, ते बिल देण्याआधी त्याच्यासमोर स्क्रीनवर बघा.